मिठाच्या जागी

दिल्लीच्या करोल बागेतल्या घरातून मीठ गेलं ते आषाढात. घरातलं एखादं मोठं माणूस रुसून निघून जावं आणि मागे राहिलेल्यांनी जेवताना त्याचं नाव काढायचं टाळावं, तसं ते गेलं. एकटंही गेलं नाही. लोणच्याच्या बरण्या, पोह्यांचे पापड, सांडगी मिरची, एवढंच काय, अण्णासाहेब संध्याकाळी खालच्या गल्लीतून आणायचे ती खारी मठरीसुद्धा, असं सगळं गोत बरोबर घेऊन गेलं. उरलेली मिठाची बरणी सुमित्राबाईंनी देवघराच्या कपाटात ठेवली. देवाला ब्लडप्रेशर नव्हतं. ते घरात एकट्या अण्णासाहेबांना होतं, आणि निवृत्त उपसचिवाच्या इभ्रतीला शोभेल इतकं होतं.

करार झाला होता तो मुलाच्या, जयंताच्या घरी, गुरुग्रामला, एकोणिसाव्या मजल्यावर. सून मीनाक्षी म्हणाली होती, "अण्णा, आई, तुम्ही दोघं इकडेच शिफ्ट व्हा ना. बीपीचं काही सांगता येत नाही. तिकडे काही झालं तर?"

"काही होणार नाही," अण्णासाहेब म्हणाले.

"असं कसं म्हणता अण्णा?" जयंत म्हणाला. "काही बेसिस?"

बेसिस हा शब्द कानावर पडला की अण्णासाहेबांच्या अंगात त्यांचं जुनं मंत्रालय संचारायचं. त्यांनी बसल्या जागी मसुदा मांडला. मीनाक्षी म्हणते तो नैसर्गिक उपचार गौरींपर्यंत करून पाहायचा. अळणी जेवण, फळं, सकाळचं चालणं आणि तिची ती विटामिनं. गौरीजेवणाच्या दिवशी सगळ्यांच्या देखत मशीन लावायचं. आकडा उतरला तर करोल बाग. नाही उतरला तर दिवाळीच्या आत गुरुग्राम. त्यावर अपील नाही.

डॉक्टरांची गोळी त्यांनी त्याच दिवशी बंद केली. मीनाक्षी घाबरली. "मी असं नव्हतं म्हटलं हं. गोळी तर घ्यायचीच आहे."

"एका फायलीवर दोन खाती बसली की फाईल हलत नाही. एक तर निसर्ग, नाहीतर डॉक्टर."

जयंताला वाटलं, आई बघेल. आईला वाटलं, जयंत बोलेल. मीनाक्षीला वाटलं, घरात दोन मोठी माणसं आहेत, ती काय ते बघतील. अशा रीतीने सगळ्यांच्या संमतीने, आणि कुणीही संमती न देता, गोळीचं पाकीट टेबलाच्या खणात गेलं.

सुमित्राबाईंना काय हवं आहे हे या करारात कुणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. त्याचं उत्तर अण्णासाहेब गेली कित्येक वर्षं परस्पर देत आले होते. "हिला करोल बागेतून हलवलं तर ही जगणार नाही." पाहुण्यांसमोर हे वाक्य आलं की सुमित्राबाई चहाचे कप गोळा करायला लागत. खाली गाड्यांच्या सीटकव्हरांची दुकानं, मग तो उंच पायऱ्यांचा, दिवसासुद्धा दिवा लावावा लागणारा जिना, आणि मग दुसऱ्या मजल्यावर घर. भाजी घेऊन चढताना त्या मधल्या वळणावर पिशवी टेकवत, गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहत आणि गुरुग्रामच्या लिफ्टचा विचार करत. बटण दाबलं की दार आपण होऊन उघडतं. आत आरसा असतो. कुणी भेटलं तर हसायचं, नाही भेटलं तर आपल्याकडे बघून हसायचं. हा विचार त्यांनी कुणापाशी बोलून दाखवला नव्हता. या वयात लिफ्टवर जीव जडला, हे कसं सांगायचं?

गौरीजेवणाच्या दिवशी सगळ्यात आधी आल्या अलकनंदाबाई. अण्णासाहेबांची ही धाकटी बहीण दरवर्षी गौरींना पुण्याहून यायची आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी गेस्ट हाउसात उतरायची. भावाचं घर असताना गेस्ट हाउस कशाला, असं कुणी विचारलंच तर "यजमानांचा हक्क आहे तिथे, वापरला नाही तर जातो," असं सांगायची. यजमान स्वतः कधी पुणे सोडत नसत.

"वहिनी, हे आधी घ्या. दुधीचा रस. गेस्ट हाउसच्या आचाऱ्याला समोर बसून काढायला लावला. अण्णाला उपाशीपोटी लसूण देता ना?"

"देते. ते गिळतात आणि दिवसभर कुणाजवळ बसत नाहीत."

"नकोच बसायला. बोलण्यानं बीपी वाढतं." असं म्हणून त्या अर्धा तास बोलल्या. पुण्यात त्यांच्या ओळखीच्या कुणाचं बीपी दुधीनं उतरलं, कुणाचं शेवग्याच्या पानांनी, आणि कुणाचं मुलगा अमेरिकेला गेल्यावर आपोआप. शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि त्या मीनाक्षीच्या रंगीत गोळ्या फेकून द्या. संत्र्याचा वास आणि संत्र्याचा पत्ता नाही. सांगून ठेवते, अण्णा इथून हलता कामा नये. गुरुग्रामला गौरी गेल्या तर मी सकाळी निघून रात्रीच्या आरतीला पोचायची."

"बसा वन्सं," सुमित्राबाई म्हणाल्या. "पुरण गरम आहे."

जयंत आणि मीनाक्षी आले तेव्हा गौरी नटून उभ्या होत्या. अण्णासाहेब आपल्या खुर्चीत, आणि खुर्चीशेजारच्या तिवईवर विटामिनांची नारिंगी नळी. मीनाक्षी पदर खोचून थेट स्वयंपाकघरात आली. पोर दिल्लीत वाढलेली, अळणीला 'फीका' म्हणायची, पण कामाला वाघ.

"आई, काय सुगंध सुटलाय! जरा चाखू?"

"नैवेद्य व्हायचाय."

"मग मीठ ठीक पडलंय, हे कळतं कसं?"

"हाताला कळतं."

मीनाक्षीनं त्यांच्या हाताकडे जरा आदरानं बघितलं. एका पातेल्यात मीठ घातलेली भाजी होती, देवासाठी आणि पाहुण्यांसाठी. दुसऱ्यात अळणी, अण्णासाहेबांसाठी. खरं म्हणजे दोघांसाठी, कारण दोन माणसांच्या घरात दोन भाज्या कोण करणार? दोन महिने सुमित्राबाईसुद्धा अळणीच जेवत होत्या. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात यावं असं त्यांनी काही केलंही नव्हतं.

नैवेद्य दाखवून झाला. अण्णासाहेबांनी ताटावरून पाणी फिरवलं, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "गौरींच्या पानात मीठ वाढत नाहीत, माझ्याही पानात वाढत नाहीत. आता मला फक्त मखरात बसवायचं राहिलंय."

"अण्णा, आधी मशीन," जयंत म्हणाला.

"लाव की. पण मीनाक्षी, त्याआधी तुझी ती गोळी टाक बरं एक."

"सकाळी घेतली ना तुम्ही?"

"अगं, सणाचा दिवस आहे."

मीनाक्षीनं पेल्यात गोळी टाकली. ती फसफसली, नाचली, विरघळली. अण्णासाहेबांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि डोळे अर्धे मिटून सावकाश प्यायले. सुमित्राबाई दारातून बघत होत्या. साधी खोकल्याची गोळी द्यायची तरी ज्या माणसाशी आयुष्यभर वाद घालावा लागला, तो पेला फिरवून कडेला राहिलेलं खाली आणत होता आणि ओठांवरून जीभ फिरवत होता. एवढं प्रेम या माणसानं त्यांच्या पुरणपोळीलाही कधी दाखवलं नव्हतं.

दंडाला पट्टा बांधला गेला. मशीन गुरगुरलं. मतमोजणीच्या वेळी असते तशी शांतता पसरली.

"एकशे अठ्ठ्याहत्तर," जयंत म्हणाला.

"मशीन बिघडलंय," अण्णासाहेब म्हणाले.

"मला लाव," अलकनंदाबाईंनी दंड पुढे केला. त्यांचा आकडा इतका चांगला आला की त्यांनी तो दोनदा वाचून घेतला. "बघा. दुधी!" त्यांना कळलं नाही, पण एवढ्यानं मशीन निर्दोष सुटलं आणि त्यांचा भाऊ अडकला.

"हाउ इज दॅट पॉसिबल?" मीनाक्षी म्हणाली. "दोन महिने नमक बंद, तरी?"

हा प्रश्न खोलीभर फिरला, सगळ्यांच्या तोंडावर जरा जरा थांबला आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, रागावू नका," अलकनंदाबाई म्हणाल्या, "पण चिमूटभर... सवयीनं? अण्णाचं तोंड बघवलं नसेल तुम्हाला. मी समजू शकते."

"आई, चुकून, हां? बिल्कुल चुकूनच," जयंत म्हणाला.

"आत्या म्हणतात त्यात पॉइंट आहे," मीनाक्षी म्हणाली. दुधी आणि विटामिन यांच्यात आजवर एकदाही एकमत झालं नव्हतं. आता त्या दोघी एकाच सोफ्यावर बसल्या होत्या आणि अलकनंदाबाईंनी मीनाक्षीला टेकायला उशी दिली होती.

सुमित्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अण्णासाहेब पंख्याकडे बघत होते.

"तसा हिचा हात मोठाच आहे," ते म्हणाले.

"मग ठरल्याप्रमाणे, अण्णा. दिवाळीच्या आत," जयंत हळूच म्हणाला. अण्णासाहेबांची मान खाली गेली.

सुमित्राबाई पेला उचलून आत गेल्या. ओट्याशी उभ्या राहून त्यांनी हिशेब केला. नुसतं गप्प राहिलं तरी लिफ्ट मिळत होती. मात्र ती मीठचोराच्या नावावर मिळत होती. यापुढे दर गौरींना कुणीतरी म्हणणार होतं, आठवतं, आईंनी चोरून मीठ घातलं म्हणून अण्णांना करोल बाग सोडावी लागली. ज्या हाताला आयुष्यात कधी चाखून पाहावं लागलं नाही, त्या हाताबद्दल असं म्हणणार होते.

पेला धुवायला घेतला तेव्हा तळाशी चमचाभर नारिंगी पाणी उरलं होतं. नैवेद्य झाला होता, आता चाखायला हरकत नव्हती. यात एवढं असतं तरी काय, म्हणून त्यांनी ते तोंडाला लावलं.

आणि तशाच उभ्या राहिल्या.

आधी संत्रं आलं. मग मागून, जिभेच्या कडांना, दोन महिन्यांपूर्वी घर सोडून गेलेलं माणूस दार ढकलून आत यावं तसं ते आलं. मीठ! अगदी स्वयंपाकाचं नसेल, त्याचं चुलत भावंड असेल, पण खानदान तेच.

"काय करतेस?" मागे अण्णासाहेब उभे होते. त्यांची नजर पेल्यावर होती.

"विटामिन घेतेय."

"बरं असतं ते."

"खारट आहे."

"संत्र्याला थोडी अशी चव..."

"अहो, दोन महिने मी पण अळणी जेवतेय. माझ्या जिभेला आता शेजारच्या घरातलं मीठ कळतं. तुम्हाला कधी कळलं?"

अण्णासाहेबांनी दाराबाहेर कुणी आहे का ते पाहिलं. "पहिल्याच दिवशी."

"दिवसाला किती घेता?"

"मीनाक्षी एक म्हणाली होती."

"मी तुम्हाला विचारतेय."

"जेवणाबरोबर एक," ते म्हणाले. "म्हणजे प्रत्येक जेवणाबरोबर. आणि चहाबरोबर." मग मंत्रालयातला स्वर थोडा गोळा करून म्हणाले, "हे बघ, नळीवर विटामिन लिहिलंय. सुनेनं प्रेमानं आणून दिलंय. ज्याला सगळे विटामिन म्हणतात त्यानं अपाय होईल असं मानायला मला काही आधार नव्हता."

"घर हातचं जातंय, हे दिसत नव्हतं?"

"दिसत होतं गं." आवाज एकदम उतरला. "रोज ठरवायचो, आज नाही घ्यायची. मग तू ती दोडक्याची भाजी वाढायचीस."

सुमित्राबाईंना हसू आलं. ते त्यांनी आवरलं, कारण लगेच दुसरं काहीतरी आठवलं. "आणि मघाशी माझ्या हाताबद्दल काय म्हणालात?"

अण्णासाहेबांनी या वेळी माठाकडे बघितलं. "बोलू नकोस बाहेर. उद्यापासून डॉक्टरांची गोळी चालू करतो. पंधरा दिवसांनी पुन्हा मशीन लावू, मी जयंताला अपील..."

"अपील नाही, असं कोण म्हणालं होतं?"

सुमित्राबाईंनी पेला उपडा घातला. खरं सांगितलं तर हात निर्दोष सुटत होता, नवऱ्याचा जीव वाचत होता, आणि करोल बाग राहत होती, म्हणजे जिना राहत होता. न सांगितलं तर लिफ्ट मिळत होती, पण हा मनुष्य एकोणिसाव्या मजल्यावर बसून त्या नळ्या रिचवत राहणार होता. लिफ्टमध्ये आरशात कुणाकडे बघून हसायचं मग?

"जा, पाटावर बसा," त्या म्हणाल्या. "वाढते."

केळीची पानं मांडली होती. सुमित्राबाईंनी देवघराच्या कपाटातून मिठाची बरणी काढली आणि रीतीप्रमाणे सगळ्यांत आधी प्रत्येक पानाच्या माथ्यावर मीठ वाढलं. जयंत, मीनाक्षी, वन्सं. अण्णासाहेबांच्या पानापाशी आल्या, बरणी बाजूला ठेवली, आणि मिठाच्या जागी ती नारिंगी नळी उभी केली. शेजारी लिंबाची फोड ठेवली. मग शांतपणे पुढच्या वाढपाला लागल्या.

"आई, हे काय?" जयंत म्हणाला.

"मीठ. त्यांच्या वाट्याचं."

जयंतानं नळी उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेली. "सोडियम बायकार्बोनेट... सोडियम... अरे यार. मीनू, हे वाचलं होतंस तू?"

"समोर मोठ्या अक्षरात शुगर फ्री लिहिलंय!" मीनाक्षीचा चेहरा पडला. "मी शुगर बघितली. ओ गॉड. फसफसतं ते याच्यामुळे? मी अण्णांना स्वतःच्या हातानं..." तिचे डोळे भरले.

"मी म्हणतच होते!" अलकनंदाबाई सरसावल्या. मघाशी मीनाक्षीला दिलेली उशी त्या विसरल्या होत्या. "त्या गोळ्यांबद्दल मी पहिल्यापासून..."

"वन्सं, तुम्ही माझ्याबद्दलही म्हणत होतात."

अलकनंदाबाईंनी कोशिंबिरीत लक्ष घातलं.

"आणि मीनाक्षी, तू रडू नकोस. तू रोज एक सांगितली होतीस. बाकीच्या यांनी सणाच्या म्हणून घेतल्या. यांचा सण रोज असतो." सुमित्राबाईंनी खणातून आणलेलं गोळ्यांचं पाकीट जयंताच्या हातात दिलं. "उद्या यांना डॉक्टरांकडे ने. गोळी बंद केली होती ते पण सांग, लपवू नकोस. जेवण कमी मिठाचंच राहील, चालणं राहील, फळं राहतील, आणि डॉक्टर देतील ती गोळीही राहील. दोन खात्यांनी फाईल अडली, तर मी हलवीन."

पंक्तीत वरणभात कालवला जाऊ लागला. मग अण्णासाहेबांनी घसा साफ केला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत चालला होता.

"म्हणजे," ते म्हणाले, "चाचणीच सदोष होती. सदोष चाचणीचा निकाल ग्राह्य धरता येत नाही. करार रद्द. आम्ही इथेच."

"इथेच!" अलकनंदाबाई म्हणाल्या.

जयंतानं मीनाक्षीकडे पाहिलं. मीनाक्षीनं पानाकडे. आपल्याच नळीनं तिचं तोंड बंद केलं होतं. "ठीक आहे," जयंत म्हणाला. "आता काय बोलणार. राहा."

पंक्तीत गुरुग्रामची बाजू घेणारं कुणी उरलं नव्हतं.

"मीनाक्षी," पुरणपोळीवर तूप सोडता सोडता सुमित्राबाई म्हणाल्या, "तुमच्याकडची ती बागेकडची खोली अजून रिकामी आहे ना?"

"आहे, आई. पण आता तर..."

"दिवाळीच्या आत येतो आम्ही."

जयंताचा हात घासासकट थांबला. "पण आई, आता कशासाठी?"

"लिफ्टसाठी," सुमित्राबाई म्हणाल्या. "माझे गुडघे गेलेत. बरीच वर्षं झाली जाऊन."

खाली गल्लीत कुणीतरी नवीन बसवलेला हॉर्न वाजवून बघत होतं. अण्णासाहेबांनी बायकोकडे बघितलं, मग तिच्या गुडघ्यांकडे बघितलं, जसे काही ते आजच घरात आले होते. त्यांच्या तोंडून सवयीनं वाक्य बाहेर पडलं, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"हिला करोल बागेतून हलवलं तर ही जगणार नाही."

"जगून बघते," सुमित्राबाई म्हणाल्या.

अलकनंदाबाईंना सगळ्यात आधी कंठ फुटला. "अहो पण वहिनी, गौरींचं काय? उंबऱ्यातून कुंकवाच्या पावलांनी येतात त्या. पुढच्या वर्षी काय लिफ्टनं येणार?"

सुमित्राबाईंनी मखराकडे पाहिलं. दोघी भरजरी पातळं नेसून, ताठ उभ्या होत्या.

"येतील की," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं जिना चढून आल्या. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं."